ओडिल बोलू लागला

सूप वाढून झालं तरी हेडविखनं आणलेली चित्रांची पेटी टेबलावरून हलली नव्हती. अलिडानं ती दोनदा उचलून कपाटावर ठेवली, आणि दोनदा हेडविखनं ती परत बापाच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

"आई, हे जेवताजेवताच करायचं असतं. पेशंटला परीक्षा वाटता कामा नये."

"पेशंट," लिवेन आपल्या वाटीत बघत म्हणाला. "पाहुणी आली की बाबा लगेच पेशंट होतात."

"लिवेन," अलिडा म्हणाली. एवढंच. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवल्यावर नुसतं नाव घेऊन गप्प बसवायची कला अंगात मुरली होती. चव्वेचाळीस वर्षांचा लिवेन, ज्याच्या हाताखाली काढणीच्या दिवसांत वीस माणसं राबत, तो गप्प बसला.

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या वेलांची काढणी संपून आठ दिवस झाले होते. भट्टीतला कडू वास अजून पडद्यांना होता. सप्टेंबरातल्या या रविवारी दरवर्षी सगळे जमत. टोमॅटोचं सूप, त्यात खिम्याचे बारके गोळे, मग मनुका घालून बिअरमध्ये शिजवलेला ससा. यंदाचं जेवण मात्र नुसतं काढणीचं नव्हतं. हेडविख सीमेपलीकडच्या, नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून नवऱ्याला घेऊन आली होती ती एक प्रस्ताव घेऊन, आणि त्याचं उत्तर तिला आजच हवं होतं.

एप्रिलमध्ये ओडिलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टरांनी मान हलवली. पण तिसऱ्या आठवड्यात ओडिल बोलला, आणि मग थांबलाच नाही. जो माणूस घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा नाही, तो सकाळी डोळे उघडल्यापासून सांगत सुटला: पावसाचं, घोड्यांचं, कधीच्या काळी मेलेल्या शेजाऱ्यांचं. फक्त एक झालं. त्याची रविवारची भाषा गेली. अलिडाशी लग्न झाल्यावर एकोणपन्नास वर्षं घासूनपुसून वापरलेली ती शुद्ध डच, जेवणाच्या टेबलावरची, फोनवर हेडविखशी चार शब्दांपुरती बोलायची, ती कुठंतरी वाहून गेली. उरली ती बेल्जियमच्या टोकाकडच्या पश्चिम फ्लांडर्सची रानातली बोली. जवळचं पोपरिंगे ओलांडून ब्रसेल्सच्या दिशेनं तासभर गेलं, तर तिथल्या माणसालाही ती कळायची नाही. मग उत्रेख्तची काय कथा.

आणि उत्रेख्तला हेडविखचं कामच हे होतं. झटका येऊन मुकी झालेली माणसं ती बोलती करायची. पंचवीस वर्षांत तिथं नाव कमावलं होतं. येत्या सोमवारपासून तिच्या केंद्रात एक खाट रिकामी होत होती.

"तीन महिने," ती म्हणाली. "फक्त तीन महिने द्या मला बाबांना." तिचा 'ग' आता तिकडच्यासारखा घसा खरवडत यायचा. अलिडाच्या कानाला अजून त्याची सवय नव्हती, जरी मनातून तिला वाटायचं, की मुलीनं माझ्याही पुढचा पल्ला गाठला.

"सोय उत्तम आहे," जावई रटखर म्हणाला. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. "आणि आई, तुम्हीही राहायला या. तुमचं हे फ्लेमिश ऐकलं ना, की सुट्टीवर आल्यासारखं वाटतं. इतकं गोड आहे!"

टेबलाच्या टोकाला ओडिलची बहीण झुल्मा खो खो हसली.

"ऐक, वैनी! पन्नास वरसं साबण लावून जीभ घासलीस, तरी जावयाला वास येतोच की!"

अलिडानं सुपाचा डाव भांड्यात नीट आडवा ठेवला. फ्लेमिश, म्हणजे इकडची गावठी डच, ती आयुष्यात या टेबलावर बोलली नव्हती. ती बोलायची ती डच, पुस्तकातली, अॅमस्टरडॅममध्ये छापतात ती. सीमेच्या अलीकडे-पलीकडे भाषा एकच आहे, फक्त आपली जीभ आळशी आहे, असं तिनं छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी लग्नात रटखरची आईसुद्धा हेच म्हणाली होती, गोड. तेव्हा अलिडानं सांगून पाहिलं होतं, की हे फ्लेमिश नाही. त्या बाईंना तेही वाक्य गोड वाटलं.

"आत्या, तुम्ही माझ्या बायकोच्या बाजूनं बोला ना," रटखर म्हणाला. आत्याचं बोलणं तो हसण्यावारी न्यायचा, कारण अर्धं कळायचं नाही.

"बोलते की, जावईबापू. पण माझा भाऊ तिकडं उपाशी मरंल. तुमच्याकडं कापीबरोबर एकच बिस्कीट देत्यात न्हवं? आन् लगीच डब्याचं टोपण बंद!"

लिवेननं ते भाषांतर करून सांगितलं, रटखर सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि तेवढ्यात हेडविखनं पेटी उघडली.

पहिलं चित्र रस्त्यानं निघालेल्या माणसाचं होतं.

"बाबा, हा माणूस 'लोपतोय', की बसलाय?"

ओडिलनं चित्र डाव्या हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं. "लोपत न्हाई," तो म्हणाला. "कशापायी लोपंल? घाई कुठं हाय त्येला?"

हेडविखनं कागदावर फुली मारली.

"अगं, फुली काय मारतेस!" लिवेन म्हणाला. "तुमच्या डचमध्ये लोपणं म्हणजे चालणं. इथे लोपणं म्हणजे पळणं. तो माणूस पळतोय का? बरोबर सांगितलं त्यांनी."

"चाचणी प्रमाण भाषेतच असते, लिवेन. नियम मी केलेले नाहीत."

"ते कुणी केले ते ठाऊक आहे मला," लिवेन म्हणाला, आणि आईकडे बघायचं त्यानं टाळलं.

लिवेनचं असंच होतं. आईशी, बहिणीशी बोलताना त्याची जीभ आपोआप कपडे बदलायची. अंगणात पाय टाकला, की बापाशी, गड्यांशी तो वेगळाच माणूस होऊन बोलायचा. लहानपणी त्याला वाटायचं, आईला ते माहीत नाही. अलिडाला सगळं माहीत होतं. शेत शेवटी लिवेनलाच करायचं आहे, म्हणून तिनं त्याच्या बाबतीत एक डोळा मिटला होता. हेडविखच्या बाबतीत तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवले.

दुसरं चित्र किल्लीचं, तिसरं पावाचं. दोन्ही जमली. चौथं चित्र बघून ओडिलचा चेहरा एकदम उजळला. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला बारका किडा.

"पिमपमपून!"

हेडविखनं थोडं थांबून लिहिलं. लिहिताना तिचा चेहरा गंभीर झाला.

"काय लिहिलंस?" लिवेननं मान वाकडी करून वाचलं. "निरर्थक शब्द?"

"या आजारात होतं असं. मेंदू स्वतःच नवे शब्द बनवतो. ऐकायला छान वाटतात, पण..."

"निरर्थक? अगं हेडविख! पिमपमपून! वेलावरचा मावा खातो तो! बाबा तुझ्या मनगटावर सोडायचे त्याला, आणि बोटाच्या टोकावरून उडेपर्यंत तू श्वास रोखून उभी राहायचीस. मी इतकुसा होतो, तरी मला आठवतं."

हेडविखनं चित्राकडे पाहिलं. मग बापाकडे. "मला नाही आठवत," ती हळूच म्हणाली.

ओडिलला तेवढं कळलं. त्यानं चित्र टेबलावर ठेवलं आणि चांगला हात मुलीच्या मनगटावर ठेवला.

"तुला कशाला आठवंल, पोरी. सा वरसांची हुतीस. म्या म्हनलो पिमपमपून, आन् तू म्हनलीस, बाबा, असं न्हाई म्हणायचं, आई म्हणती चूक हाय त्ये. खरंच हुतं तुझं. मंग म्या इचार केला, आपल्या तोंडाचा चिखुल पोरीच्या सोच्छ फरशीवर कशाला न्या? बूट दारात काढतो, तसं बोलनं बी दारातच काढून ठिवलं. भाईर लिवेनसंगं बोलायचो. घोड्यासंगं बोलायचो. तुझ्यासंगं न्हाई." तो दम घ्यायला थांबला. "लई बोलायचं हुतं, पोरी. लई."

झुल्मानं चमचा खाली ठेवला. लिवेन खिडकीबाहेरच्या, वेल उतरवल्यावर उघड्या पडलेल्या खांबांकडे आणि तारांकडे बघत राहिला.

"फार भरभर बोलतात," हेडविख म्हणाली. तिनं पेन्सिल उचलली. "आई? काय म्हणाले?"

अलिडाला शब्द न् शब्द कळला होता. तिनं हातरुमालाची घडी केली, परत उलगडली.

"म्हणतात," ती म्हणाली, "यंदा ते किडे पुष्कळ होते. त्यामुळे मावा लागला नाही. पीक चांगलं आलं."

"बघा!" हेडविखचा चेहरा फुलला. "किड्यापासून पिकापर्यंत. विचार सुसंगत आहे. म्हणजे खूप आशा आहे." आणि ती लिहू लागली.

स्वयंपाकघरात सशाच्या भांड्याचं झाकण खडखडत होतं.

"आई," लिवेन म्हणाला. "बाबा असं नाही म्हणाले."

"लिवेन."

या वेळी तो गप्प बसला नाही. "असं नाही म्हणाले ते."

"भाषांतरात चुकलं असेल काहीतरी," रटखर समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुमची ही बोली म्हणजे अवघडच आहे बुवा."

"चुकायला तिला काय धाड भरलीया, जावईबापू?" झुल्मा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "तिच्या आईची बी हीच बोली हुती. वैनी, मला म्हातारीला काय बी सांग. पोरीला खोटं सांगू नगंस."

रटखरनं बायकोकडे पाहिलं. हेडविख पेन्सिल धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, लिवेनच्या, आत्याच्या, आईच्या. आपल्याबद्दलच काहीतरी बोललं गेलं आणि ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही, हे कळलेल्या माणसाचा चेहरा.

हा चेहरा अलिडानं पूर्वी पाहिला होता. ती दहा वर्षांची असताना आई इस्पितळात होती, आणि बाप, धाग्यासाठी जवस झोडपून हात फाटलेला तिचा बाप, टोपी छातीशी धरून खाटेशेजारी उभा होता. डॉक्टर आणि परिचारिका त्याच्या डोक्यावरून फ्रेंचमध्ये, तिथल्या तेव्हाच्या मोठ्या लोकांच्या भाषेत, बोलत होते. तो एकदा याच्या तोंडाकडे बघायचा, एकदा तिच्या. कधी हसावं, कधी मान हलवावी तेही त्याला कळत नव्हतं. आपली बायको मरते आहे हे त्याला तीन दिवसांनी, झाडूवाल्यानं सांगितलं. त्या दिवशी अलिडानं ठरवलं होतं, की माझं मूल असं कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहणार नाही. शेतातली बोली घेऊन फ्रेंच बोलणाऱ्यांपुढे जाता येत नाही. त्यांच्यापुढे उभं राहायचं तर आपल्याकडेही एक मोठी, धुतलेली, इस्त्री केलेली भाषा पाहिजे.

आणि आता तिच्याच टेबलावर तिचं मूल तसंच बसलं होतं.

"मी खोटं सांगितलं," अलिडा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. वाक्यं नीट, व्याकरण शुद्ध, आवाज वर्गातला. 'लई बोलायचं हुतं' याला तिला पटकन शब्द सापडेना. तिनं "मला तुझ्याशी खूप बोलायचं होतं" असं सांगितलं, पण ते तेच नव्हतं, हे तिला सांगतानाच कळत होतं.

हेडविखनं काही लिहिलं नाही.

"आणि एक गोष्ट बाबांनी सांगितली नाही, ती मी सांगते," अलिडा पुढे म्हणाली. "त्या संध्याकाळी तू येऊन मोठ्या ऐटीत सांगितलंस, की मी बाबांची चूक सुधारली. मी तुला शाबासकी दिली. आणि तुम्ही झोपल्यावर याला म्हटलं, मुलांशी शुद्ध बोल, नाहीतर बोलूच नकोस." ती थांबली. "यानं दुसरं निवडलं. मला वाटलं होतं, हा पहिलं निवडेल."

"त्याला जमलं असतं का पहिलं?" झुल्मानं विचारलं.

हेडविख आपल्या मनगटावरच्या बापाच्या हाताकडे बघत होती.

"नन्सच्या निवासी शाळेतून मी सुट्टीला यायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा बाबा माझ्याकडे बघून हसायचे आणि बाहेर निघून जायचे. दर वेळी. मला वाटायचं, यांना मी आवडतच नाही. यांना लिवेनच हवा होता."

"आणि मला वाटायचं," लिवेन म्हणाला, "की आईला तूच हवी होतीस."

दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. गेली वीस वर्षं ती नाताळच्या कार्डापुरती भावंडं होती.

ओडिलनं नाक वर करून हुंगलं. "झुल्मे," तो म्हणाला, "ससा जळतोया का?"

ससा खरंच खाली लागला होता. झुल्मा धावली. रटखर उठला, "मी जरा बाग बघून येतो," म्हणाला, आणि जाताना त्यानं सासूच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. भला माणूस होता. त्या दिवसानंतर त्यानं तिच्या बोलण्याला पुन्हा कधी गोड म्हटलं नाही, आणि अलिडाला त्याचंही वाईट वाटलं.

हेडविखनं चित्रं गोळा करून पेटी बंद केली.

"मी बाबांना नेत नाही," ती म्हणाली.

"हेडविख, उपचार होतात तिथे," अलिडा म्हणाली. तिला मनापासून वाटत होतं ते. "इथे काय आहे? इथे कोण त्याला..."

"तिथे ते काहीही बोलले तरी कुणीतरी कागदावर निरर्थक लिहील, आई. आज मीच लिहिलं."

जळका भाग काढून टाकून सगळ्यांनी ससा खाल्ला. जेवणानंतर राइस टार्ट आणि कॉफी झाली. झुल्मानं जावयापुढे मुद्दाम बिस्किटांचा अख्खा डबा ठेवला, टोपण काढून. दुपारभर हेडविख कोरा कागद घेऊन बापाजवळ बसली. दाराकडे, पायाकडे, ढगाकडे बोट दाखवून विचारत राहिली, "याला काय म्हणायचं, बाबा?" तो सांगायचा, ती म्हणायची, आणि तिकडचा तो घसा खरवडणारा 'ग' आला की तो डाव्या हातानं टेबलावर थाप मारायचा. "ग न्हाई, पोरी! ह म्हण, ह! कोंबडीचं हाड अडकलंया का नरड्यात?" हेडविख हसली. बापाच्या बोलण्यावर ती अशी हसलेली अलिडाला आठवत नव्हती. ती बशा विसळत होती. पुसलेल्या बशाही तिनं परत विसळल्या.

चारच्या सुमाराला हेडविख आणि रटखरची गाडी निघाली. झुल्माला सोडायला लिवेन गेला. घरात दोघंच उरली. ऊन उतरायला लागलं होतं आणि ओडिल खिडकीजवळच्या खुर्चीत, पायावर पांघरूण न घेता बसला होता.

अलिडा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. इतक्या वर्षांत तिनं ते बोलणं तोंडातून काढलं नव्हतं. आईच्या स्वयंपाकघरातलं, जवसाच्या धुळीतलं. शब्द जिभेवर आले तेव्हा ते तिला दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यांसारखे वाटले.

"ओडिल," ती म्हणाली. "थंडी वाजतीया का रं तुला? पांघरून आनू?"

ओडिलनं तिच्याकडे पाहिलं. आधी तो गोंधळला. मग खुर्चीत सरळ होऊन बसला. चांगल्या हातानं त्यानं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. कपाळावर शीर उठली. पाच महिन्यांत ना डॉक्टरांना, ना मुलीला त्याच्या तोंडून एक शुद्ध वाक्य काढता आलं होतं. ते आता त्यानं एकेक अक्षर वेचून, पोराच्या शाळेत आलेल्या शेतकऱ्यासारखं तिच्यापुढे ठेवलं.

"नको. आभारी आहे, बाई."

"बाई नगं," अलिडा म्हणाली. "अलिडा म्हण. आरं, अलिडाच की मी."

त्यानं विचार केला. आपलं काही चुकलं असावं, असं त्याला वाटलं. मग अजून सावकाश, अजून नीट, त्यानं तेच पुन्हा म्हटलं.

"आभारी आहे, बाई."

तिनं सोडलं नाही. रोज सकाळी कॉफी देताना, दाढी करून देताना, ती आईच्या बोलीत बोलायची. लिवेन दारात थबकून ऐकायचा आणि निघून जायचा. ओडिलनं तिला कधी तोडून उत्तर दिलं नाही. फक्त प्रत्येक वेळी तो सरळ बसायचा, आणि दोन-तीन धुतलेले शब्द शोधून आणायचा. तिच्याकडे जायला त्याला दुसरी वाट ठाऊक नव्हती. ती वाट तिनंच आखून दिली होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. तोवर दर रविवारी अकराला उत्रेख्तहून फोन यायचा, आणि ओडिल अर्धा अर्धा तास बोलायचा: घोड्यांचं, पावसाचं, हेडविख जन्मली त्या सकाळचं. पलीकडून ती अडखळत काहीतरी विचारायची, आणि तो हसून तिची चूक सुधारायचा. त्याच्या चांगल्या हातालाही आता रिसीव्हर पेलायचा नाही, म्हणून अलिडा तो त्याच्या कानाशी धरून उभी राहायची. त्यातला शब्द न् शब्द तिला कळायचा, आणि एकही तिच्यासाठी नसायचा.